‘ट्रिब्यूट टू अ बॅड मॅन’: कठोर रँचमालकाचा विसरला गेलेला वेस्टर्न कसा पाहावा

जॉन वेन झाला, क्लिंट ईस्टवुड झाला, सर्जिओ लिओनीचे सिनेमे पाठ झाले. आता जुन्या हॉलिवुडमधला, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही असा एखादा वेस्टर्न सुचवा आणि तो का पाहायचा तेही सांगा, असं तुम्ही विचारलं आहे. चित्रपट-आस्वादाचे वर्ग घेताना वेस्टर्नचा विषय निघाला की मी एक सिनेमा आवर्जून दाखवतो. १९५६ सालचा ‘ट्रिब्यूट टू अ बॅड मॅन’. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, मुख्य भूमिकेत जेम्स कॅग्नी, निर्मिती एमजीएम या स्टुडिओची, लांबी जेमतेम दीड तास. वर्गातल्या बहुतेकांनी याचं नावही ऐकलेलं नसतं. त्यांचा दोष नाही. वेस्टर्नच्या इतिहासाच्या पुस्तकांतही या सिनेमाच्या वाट्याला बहुधा दोन-चार ओळीच येतात.

असं का झालं, त्याची काही कारणं सरळ आहेत. त्याच वर्षी जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ आला आणि १९५६ म्हटलं की वेस्टर्नच्या अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहतो. वाइजचं नाव पुढे ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतपटांशी इतकं घट्ट जोडलं गेलं, की त्याचे वेस्टर्न कुणी शोधायला जात नाही. खरं तर ‘ब्लड ऑन द मून’ हा रॉबर्ट मिचमचा देखणा वेस्टर्न त्याने १९४८ मध्येच केला होता. कॅग्नी म्हटलं की लोकांना गँगस्टर आठवतो, ‘द पब्लिक एनिमी’ आणि ‘व्हाइट हीट’मधला. त्याने वेस्टर्न केले मोजून तीन. शिवाय हा सिनेमा इस्टमनकलरमध्ये आहे. त्या काळातल्या इस्टमनकलरच्या प्रती वर्षं सरली की विटतात, निळा-हिरवा उडून जातो आणि सगळ्या चित्रावर गुलाबी-तांबूस झाक उरते. अशी विटलेली, त्यातही टीव्हीसाठी दोन्ही बाजूंनी कापलेली प्रत ज्याने पाहिली असेल, त्याला या सिनेमात काय आहे ते कळणंच शक्य नव्हतं.

आता गोष्ट. काळ १८७५, ठिकाण वायोमिंग. पेनसिल्व्हेनियातून नशीब काढायला निघालेला स्टीव्ह मिलर नावाचा पोरगेला तरुण एका दरीतून जात असताना त्याला गोळीबार ऐकू येतो. घोडेचोरांच्या कचाट्यात सापडलेल्या एका जखमी माणसाला तो वाचवतो. हा माणूस म्हणजे जेरेमी रोडॉक. शेकडो घोड्यांचा आणि अफाट कुरणांचा मालक. स्टीव्हला त्याच्याकडे घोडे राखायचं काम मिळतं आणि पुढचं सगळं आपण त्याच्या नजरेतून पाहतो. रोडॉकच्या घरात जोकास्टा नावाची ग्रीक बाई राहते. ती त्याची लग्नाची बायको नाही. कामगारांचा मुकादम मॅक्नल्टी तिच्यावर डोळा ठेवून आहे. आणि रोडॉकचा एक नियम आहे: त्याचे घोडे चोरणारा सापडला, की तो त्याला जवळच्या झाडाला लटकवतो. खटला नाही, शेरीफ नाही. कायदा तिथून शेकडो मैल दूर आहे.

वेस्टर्नमध्ये असे जमीनदार ढिगाने सापडतात. १९४८ चा ‘रेड रिव्हर’, १९५० चा ‘द फ्युरीज’, १९५४ चा ‘ब्रोकन लान्स’, १९५५ चा ‘द मॅन फ्रॉम लॅरेमी’. या प्रत्येकात एक म्हातारा किंवा म्हातारपणाकडे झुकलेला मालक आहे, त्याने बळावर मिळवलेलं राज्य आहे आणि ते राज्य आता हातातून निसटतं आहे. बहुतेक वेळा संघर्ष त्याच्या मुलांशी, निदान मानलेल्या मुलाशी असतो. रोडॉकला मूलबाळ नाही. त्याचं राज्य अजून निसटलेलं नाही. त्याला हरवायला कुणी तुल्यबळ शत्रूही उभा केलेला नाही. मग सिनेमा कशाबद्दल आहे? माझ्या मते तो एका सवयीबद्दल आहे. शिक्षा देण्याचं काम एकाच माणसाच्या हातात वर्षानुवर्षं राहिलं, तर ते त्याच्या अंगात कसं मुरतं, आणि मुरलेलं बाहेर निघू शकतं का, एवढाच प्रश्न वाइज विचारतो. रोडॉकला फाशीचा ताप चढतो, असं त्याच्या भोवतीची माणसं म्हणतात. तापच आहे तो. चढतो तेव्हा समोरचा ओरडून सांगत असला तरी त्याला ऐकू येत नाही.

मूळ कथा जॅक शेफरची आहे, म्हणजे ‘शेन’ ही वेस्टर्न कादंबरी लिहिणाऱ्याची. हे लक्षात ठेवून पाहा. ‘शेन’ही वायोमिंगमध्येच घडते, पण तिथे मोठा रँचमालक खलनायक आहे आणि आपली सहानुभूती लहान शेतकऱ्यांकडे. इथे शेफर कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला आहे. तोच मालक, तीच दंडेली, पण आता आपण त्याच्या ओसरीवर बसलो आहोत, त्याचं मीठ खातो आहोत. दोन्हीकडे मोठ्या माणसाला न्याहाळणारी नजर मात्र तरुण किंवा कोवळी ठेवली आहे. ‘शेन’ कादंबरीत ती एका मुलाची आहे, इथे स्टीव्हची. स्टीव्हला रोडॉक आवडतो, त्याच्यासारखं व्हावंसंही वाटतं आणि तो माणसं लटकवतो हे पाहून पोटात कालवतंही. पाहणाऱ्याला सोयीची अशी एकच बाजू हा सिनेमा देत नाही, आणि त्यामागे शेफरची ही रचना आहे.

यातली पार्श्वभूमी कल्पनेतली नाही. वायोमिंगला १८६८ मध्ये टेरिटरीचा, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशाचा, दर्जा मिळाला आणि राज्य व्हायला १८९० उजाडलं. मधल्या काळात बिनकुंपणाच्या अफाट कुरणांवर जनावरं मोकळी चरत. कुणाचं जनावर कुणाचं, हे केवळ कातडीवरच्या डागावरून ठरे. ज्याला अजून डाग दिलेला नाही असं वासरू किंवा शिंगरू ज्याच्या हाती लागेल त्याचं, असा सगळा मामला. घोडा चोरीला जाणं म्हणजे त्या मुलखात माणूस पांगळा होणं, म्हणून या चोरीचा राग माणसं जिवावर उठण्याइतका होता. १८८४ मध्ये शेजारच्या मोंटानात ग्रॅनव्हिल स्ट्युअर्ट या रँचमालकाच्या टोळीने चोर समजून अनेकांना मारलं. १८८९ मध्ये वायोमिंगमधल्या गुरंमालकांनी एला वॉटसन आणि जिम अ‍ॅव्हरेल या दोघांना चोरीच्या आरोपावरून फासावर लटकवलं. शिक्षा कुणालाच झाली नाही. १८९२ मध्ये वायोमिंगमधल्याच जॉन्सन काउंटीत बड्या मालकांनी टेक्सासहून बंदूकवाले भाड्याने आणले, त्यात नेट चँपियन हा लहान गुरंमालक मारला गेला आणि तेव्हाही कुणी तुरुंगात गेलं नाही. रोडॉक हा या माणसांचा थोडा आधीचा भाऊबंद आहे. हे माहीत असलं की त्याचा ‘इथे कायदा मीच’ हा पवित्रा नुसता नाटकी वाटत नाही.

सिनेमा जन्माला येतानाच मोडता मोडता वाचला. रोडॉकची भूमिका आधी स्पेन्सर ट्रेसी करणार होता. १९५५ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोतल्या सान हुआन डोंगरांमध्ये, माँट्रोझ-रिजवेच्या परिसरात उंचावर रँचचा सेट उभारला होता. ट्रेसी उशिरा पोचला, उंचीवरच्या विरळ हवेची तक्रार करू लागला, आणि वाइजशी त्याचं काही जमेना. शेवटी स्टुडिओने त्याला सिनेमातून काढलं. १९३५ पासून एमजीएममध्ये असलेल्या ट्रेसीचं त्या स्टुडिओशी असलेलं नातं तिथे संपलं. त्याच उन्हाळ्यात, ३१ जुलैला, स्टीव्हच्या भूमिकेसाठी घेतलेला रॉबर्ट फ्रान्सिस हा उमदा नट विमान अपघातात गेला. त्याच्या जागी डॉन डबिन्स आला आणि ट्रेसीच्या जागी कॅग्नी.

ट्रेसी असता तर? हा प्रश्न वर्गात दर वेळी निघतो. ट्रेसी थोर नट, पण तो खडकासारखा बसतो. त्याचा कठोरपणा आपण गृहीत धरला असता. ‘ब्रोकन लान्स’मध्ये त्याने तसाच मालक केलाही होता. कॅग्नी स्थिर नाही. तो मुळात नाचणारा. ‘यांकी डूडल डँडी’साठी त्याला ऑस्कर मिळालं ते नाचणाऱ्या भूमिकेसाठी. पन्नाशी ओलांडून गेली तरी त्याचं वजन पुढच्या पावलांवर असतं, मान किंचित पुढे, हात सतत काहीतरी करत असलेले. रोडॉक बसलेला असतानाही त्याच्यात काहीतरी उकळतं आहे असं वाटतं. त्यामुळे त्याच्या कठोरपणाला तळ आहे हे जाणवतं: हा माणूस जन्मतः दगड नव्हता, याने स्वतःला असा घडवला आहे आणि ते टिकवायला त्याला रोज कष्ट पडतात. बायकोचा हक्क न दिलेल्या जोकास्टाशी बोलताना त्याचा आवाज बदलतो, चिडला की शब्द तुटक येतात, आणि घोड्याजवळ गेला की सगळं अंग सैल पडतं. घोड्यांची माया त्याला उसनी आणावी लागली नाही. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्याची स्वतःची शेती होती आणि मॉर्गन जातीचे घोडे तो हौसेने वाढवत असे.

इथे एक गोष्ट नीट पाहा. घोड्यांवर जीव आणि माणसांबाबत निर्दय, अशी दोन टोकं दाखवून पात्र ‘गुंतागुंतीचं’ केल्याचा आव पटकथालेखक नेहमी आणतात. मायकेल ब्लँकफर्टच्या पटकथेत ती दोन टोकं नाहीत. रोडॉक घोड्यांवर जितकी माया करतो तितकाच चोरांबाबत क्रूर होतो. एकाचं माप दुसऱ्याला लागू होतं. पहिल्यांदा सिनेमा पाहताना हे कळत नाही. कळतं ते उत्तरार्धात, घोड्यांच्या खुरांच्या प्रसंगात.

तो प्रसंग सांगितल्याशिवाय या सिनेमाबद्दल बोलता येणार नाही, म्हणून पुढचं आधी पाहून मग वाचायचं असेल तर खुशाल तसं करा. हाकललेला मॅक्नल्टी, बार्जॅक नावाचा त्याचा साथीदार आणि रोडॉकच्या जुन्या भागीदाराचा मुलगा लार्स पीटरसन असे तिघे मिळून रोडॉकच्या घोड्या शिंगरांसकट पळवतात. घोडी घराकडे परत फिरते, म्हणून ते त्यांचे खूर इतके खोल तासतात की त्यांना पाऊल टाकवत नाही. शिंगरं दूध सोडेपर्यंत घोड्या तिथेच खिळून राहतील. मग बिनडागाची शिंगरं आपली म्हणायला मोकळे. घोड्याच्या खुराचा बाहेरचा भाग आपल्या नखासारखा निर्जीव असतो, नाल ठोकतात ती त्यात. त्याच्या आत मात्र जिवंत, रक्ताचा भाग असतो. तिथपर्यंत तासलं तर प्रत्येक पाऊल म्हणजे उघड्या जखमेवर उभं राहणं.

रोडॉकला त्या घोड्या सापडतात, चोरही सापडतात. झाडं आहेत, दोर आहे. यावेळी तो कुणाला लटकवत नाही. तो तिघांचे बूट काढून घेतो आणि त्यांना अनवाणी, खडकाळ, तापलेल्या मुलखातून दूरच्या तुरुंगाकडे चालवत नेतो. आपण घोड्यावर आणि ते पायी. तुम्ही माझ्या जनावरांचं जे केलंत तेच तुमचं होईल, इतकी हिशेबी शिक्षा. शेफरच्या मूळ कथेच्या नावाचा अर्थच असा आहे की फाशी ही नशीबवानांसाठी. तो अर्थ या चालीत उमगतो. आणि गंमत अशी की रोडॉकला वाटतं, आपण सुधारलो. दोर वापरला नाही, कायद्याच्या हवाली करायला नेतो आहोत, म्हणजे आता कुणी आपल्याला नावं ठेवायला नकोत.

हा सगळा भाग वाइजने आणि छायाचित्रकार रॉबर्ट सर्टीस यांनी ज्या पद्धतीने टिपला आहे ती मन लावून पाहण्यासारखी आहे. सिनेमास्कोपची चौकट उंचीच्या जवळपास अडीचपट रुंद असते. त्या काळात अनेक दिग्दर्शकांना ती कशी भरायची हेच कळत नव्हतं. दोन माणसं बोलत असली की मध्ये आणि बाजूला नुसती रिकामी भिंत. इथे मात्र रुंदी हीच शिक्षा होते. डोंगर सुंदर आहेत, आभाळ स्वच्छ आहे, उन्हाने कुरणं झळाळताहेत, आणि त्या चित्रात तीन माणसं लंगडत, अडखळत पुढे सरकताहेत. पहिल्या अर्ध्या तासात ज्या निसर्गाने आपल्याला भुरळ घातली होती तोच आता संपता संपत नाही. वाइज हा मूळचा संकलक, ‘सिटिझन केन’चं संकलन त्याचं. कुठे कापायचं हे त्याला कळत होतंच, कुठे कापायचं नाही हेही कळत होतं.

लार्सची भूमिका व्हिक मॉरोने केली आहे, ‘ब्लॅकबोर्ड जंगल’नंतरचं त्याचं सुरुवातीचं काम. त्याच्यात एक पोरकट मग्रुरी आहे; ती चालता चालता गळून पडते आणि खाली दुखावलेलं पोर उरतं. रोडॉकचा ताप उतरतो तो त्या पोराकडे पाहून. कुणी त्याला व्याख्यान देत नाही, कुणी त्याला बंदुकीच्या धाकाने थांबवत नाही. स्टीव्हची घृणा त्याने आधीच झेललेली असते आणि बाजूलाही सारलेली असते. त्याला थांबवतं ते समोरचं रक्ताळलेलं पाऊल. ज्या नजरेने त्याने जखमी घोडीकडे पाहिलं, त्या नजरेने तो पहिल्यांदा माणसाकडे पाहतो. लार्सला तो त्याच्या आईकडे नेऊन सोडतो. आईची भूमिका जीनेट नोलनने केली आहे आणि पडद्यावर थोडाच वेळ असूनही ती बाई विसरता येत नाही. माझ्या दृष्टीने सिनेमाचा खरा कळस हाच आहे.

आयरीन पापासबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ग्रीसहून आलेल्या या नटीची अमेरिकन सिनेमातली ही पहिली मोठी भूमिका. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’, ‘इलेक्ट्रा’, ‘झोर्बा द ग्रीक’ हे सगळं पुढचं. त्या काळच्या वेस्टर्नमध्ये बाई म्हणजे एक तर शाळामास्तरीण, नाही तर सलूनमधली. जोकास्टा सलूनमधून आलेली आहे, पण तिचा तोल शाळामास्तरणीपेक्षा पक्का. पापास कॅग्नीपेक्षा चांगलीच उंच आहे आणि वाइजने ते लपवायचा आटापिटा केलेला नाही. ती जवळ येऊन उभी राहिली की त्या दंडेलखोर मालकाला मान वर करून बोलावं लागतं. जोकास्टा त्याला सुधारायला निघालेली नाही. तो कसा आहे हे तिला पुरतं ठाऊक आहे, ती त्याच्यावर प्रेम करते आणि त्याच्या फाशीच्या तापाची तिला किळस येते. हे सगळं ती एकाच वेळी बाळगते.

आता दोष. तेही सांगायला हवेत, कारण हा सिनेमा निर्दोष म्हणून मी सुचवत नाही. डबिन्सचा स्टीव्ह फिका आहे. जोकास्टा त्याच्याबरोबर रोडॉकला सोडून जायला तयार होते, हे पटायला त्याच्यात जेवढं पाणी हवं तेवढं नाही. त्याचं निवेदन बऱ्याचदा जे डोळ्यांना दिसतंच आहे ते पुन्हा शब्दांत सांगतं. मॅक्नल्टीच्या भूमिकेतला स्टीफन मॅक्नली ठीक, पण त्याचा खलपणा सरधोपट. शेवटी रोडॉक दोघांना गाठतो, जोकास्टाला लग्नाचं विचारतो, ती त्याच्याबरोबर परतते आणि स्टीव्ह एकटा आपल्या वाटेला लागतो. हॉलिवुडची आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे राबवली जात होती, आणि लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या जोडप्याला शेवटी वाटेवर आणणं भागच होतं. मला हा शेवट घाईचा वाटतो. पण कॅग्नी मागायला येतो तेव्हा त्याला मागता येत नाही, हे तो इतकं सच्चं दाखवतो की लिखाणातली घाई बरीचशी झाकली जाते. आयुष्यभर हुकूम देणाऱ्या माणसाची जीभ विनंतीला वळत नाही, आणि पापास त्याला मदत न करता उभी राहते.

पाहताना आणखी काही गोष्टींवर लक्ष ठेवा. मिक्लोश रोझाचं संगीत इतर वेस्टर्नसारखं लोकगीतांच्या चालीवर बेतलेलं नाही. त्यात भारदस्त, थोडी जुन्या युरोपातली छटा आहे, आणि ती जोकास्टाच्या परकेपणाला शोभते. निर्माता सॅम झिंबालिस्ट, सर्टीस आणि रोझा हे तिघं पुढे १९५९ च्या ‘बेन-हर’वर पुन्हा एकत्र होते, तेव्हा हा संच काय ताकदीचा होता याची कल्पना येईल. कामगारांच्या घोळक्यात एक लांबट चेहऱ्याचा, बारीक डोळ्यांचा माणूस दिसेल: ली व्हॅन क्लीफ, ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधला तुमच्या ओळखीचा. रॉयल डॅनोही तिथेच आहे.

प्रत निवडताना एकच खबरदारी घ्या: मूळ सिनेमास्कोप रुंदीची, रंग नीट दुरुस्त केलेली प्रत मिळेपर्यंत थांबा, कापलेली चौकोनी प्रत पाहिली तर ती खडकाळ चाल निम्मीच दिसते. मोबाइलवर तर नकोच. आणि हा आवडला तर लगेच अँथनी मानचा ‘द फ्युरीज’ पाहा. तिथला मालक वॉल्टर ह्यूस्टन आहे, त्याची ती शेवटची भूमिका, आणि समोर बार्बरा स्टॅनविक त्याची मुलगी. कठोर रँचमालक हाच विषय, पण तिथे वाकायला कुणीच तयार नाही.